नांव पोर्तुगीज, बोली मराठी : मोबाईलवरचें गिऱ्हाईक

भाईंदर स्थानकावर पश्चिमेस उतरून उत्तनच्या रस्त्यास लागलें म्हणजे मुर्धें, राई, मोर्वें हीं गांवें एकामागून एक मागें पडतात, मिठागरांचे चौकोन दिसूं लागतात आणि थोड्याच वेळानें डोंगरी-तारोडीचा शेजार येतो. कागदोपत्रीं हा सारा भाग शहराचा आहे. 1985 सालीं पांच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 1990 मध्यें राई-मुर्धें, डोंगरी, उत्तन वगैरे गांवें तींत आलीं आणि 2002 च्या फेब्रुवारींत तिची महानगरपालिका झाली. 2011 च्या खानेसुमारींत या शहराची वस्ती आठ लाखांच्या घरांत भरली. पण स्थानकाभोंवतालची गर्दी आणि तारोडीकडील वाड्या यांत जें अंतर आहे, तें बसच्या तिकिटावरून समजणारें नव्हे. या बाजूस वाटेच्या वळणावर क्रूस उभा असतो, किनाऱ्याकडे मासळी वाळत असते, आणि ओट्यावर बसलेलीं माणसें येणाऱ्याजाणाऱ्यास मराठींतच हांक मारतात.

अशा एखाद्या ओट्यावर एक आजीबाई बसल्या आहेत आणि त्यांचा मोबाईल वाजला, असें समजा. पलीकडून कोणी तरुणी अस्खलित इंग्रजींत विम्याची योजना सांगूं लागते. उत्तर येत नाहीं असें पाहून ती हिंदीवर येते. आजीबाई मात्र आपल्या बोलींत तिलाच उलट विचारतात कीं, बाई, तूं कोणाची कोण आणि कोणत्या गांवची? तरुणीस त्यांतलें अक्षर उमगत नाहीं आणि फोन बंद होतो. विमाकंपनीच्या दप्तरीं ‘गिऱ्हाइकास रस नाहीं’ अशी नोंद पडते. ही नोंद खोटी आहे. आजीबाईंस रस होता कीं नव्हता, हें त्यांना समजेल अशा रीतीनें अद्याप कोणी विचारलेंच नव्हतें.

असा घोटाळा होतो कसा? विक्रेत्याच्या यादींत आजीबाईंचें आडनांव परेरा, डिमेलो किंवा मिरांडा असें कांहीं तरी असतें. यादी करणाऱ्यानें नांव पाहिलें आणि त्यावरून भाषा ठरवून टाकली. हें ठरविणारें आतां बहुधा माणूसही नसतें. नांव, पत्ता आणि मागची खरेदी पाहून गणकयंत्रच ठरवितें कीं, या क्रमांकास इंग्रजी संदेश पाठवावा. यंत्राला उत्तनची वाट ठाऊक नाहीं, आणि ज्यानें यंत्राला शिकविलें त्यालाही ती ठाऊक नसावी.

वस्तुतः या आडनांवांचा इंग्रजीशीं कांहींएक संबंध नाहीं. 1534 च्या डिसेंबरांत गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें वसई आणि तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगिजांस दिला, आणि पुढें दोनशें वर्षें उत्तर कोंकणचा हा किनारा त्यांच्या अमलाखालीं राहिला. त्या काळांत येथील शेतकरी, कोळी आणि कारागीर कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं ख्रिस्ती धर्म घेतला, आणि धर्माबरोबर पोर्तुगीज आडनांवें घरांत आलीं. उत्तन, गोराई, मनोरी या बाजूस जुन्या काळीं धारावी बेट म्हणत. (मुंबईंतील सुप्रसिद्ध धारावी ती निराळी, ही गफलत टपाल वांटणाऱ्यांनींही केली असेल.) 1739 सालीं चिमाजीआप्पांच्या मोहिमेंत येथला धारावीचा किल्ला आणि मागोमाग वसई मराठ्यांच्या हातीं आली. पोर्तुगिजांचें राज्य गेलें, आडनांवें राहिलीं. बोली तर मुळांत कधीं गेलीच नव्हती.

पुढें 1887 सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें, मुंबई, साष्टी आणि वसईकडील या मूळच्या ख्रिस्ती समाजानें ‘ईस्ट इंडियन’ असें नांव घेतलें. गोव्याहून नोकरीसाठीं मुंबईंत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, आणि कंपनी सरकारचे जुने प्रजानन, हें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. त्या काळीं तें नांव सोयीचें झालें असेल. आज मात्र परप्रांतांतील एखादा जाहिरात-अधिकारी तें वाचतो आणि या मंडळींचा शोध बंगाल-ओरिसाकडे घेऊं लागतो! सारांश, ज्यांचें नांव पोर्तुगीज, समाजाचें बिरुद इंग्रजी आणि घरची बोली मराठी, असें हें गिऱ्हाईक आहे. आणि ज्या विक्रेत्यानें यांतील एकच खूण पाहिली, तो हमखास चुकतो.

हा प्रश्न केवळ आपल्या दारचा नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच प्रश्नानें व्यापाऱ्यांस गेलीं कित्येक वर्षें भंडावून सोडलें आहे. तेथें मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको अशा स्पॅनिश भाषेच्या मुलखांतून आलेल्या आणि त्यांच्या वंशांतील लोकांस ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. 2020 च्या खानेसुमारींत त्यांची संख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे शेंकडा 18.7 इतकी भरली. एवढें मोठें गिऱ्हाईक कोणता दुकानदार सोडील? पण त्याच्याशीं बोलावें कसें, हेंच नेमकें कळेना. आजी स्पॅनिश बोलते, बाप दोन्ही भाषा बोलतो, नातू शाळेंत इंग्रजी आणि आजीपाशीं स्पॅनिश बोलतो. यांपैकीं कोणाच्या हातांत फोन आहे, आणि कोणाच्या हातांत पैशाची पिशवी आहे, याचें उत्तर घरोघर निराळें.

मोबाईलच्या बाबतींत तेथें एक गोष्ट स्पष्ट दिसून आली. प्यू या संशोधनसंस्थेनें 2015 सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्यांना इंटरनेटसाठीं मोबाईलवांचून दुसरें फारसें साधनच नाहीं, अशांचें प्रमाण गोऱ्या अमेरिकनांत शेंकडा 4 होतें, तर लॅटिन वंशाच्या लोकांत शेंकडा 13. टेबलावरचें गणकयंत्र आणि घरांत ओढलेली तार या दोन पायऱ्या न चढतांच हीं घरें थेट खिशांतल्या यंत्रावर पोंचलीं. तेव्हां ज्या व्यापाऱ्यानें आपलें दुकान मोठ्या पडद्यासाठीं सजविलें आणि लहान पडद्याकडे दुर्लक्ष केलें, त्याच्या दुकानांत हें गिऱ्हाईक शिरूंच शकलें नाहीं. आपल्याकडेही हुबेहूब तेंच घडलें आहे. किंबहुना अमेरिकेंत जें एका समाजाचें झालें, तें आपल्याकडे देशाच्या देशाचें झालें.

भाषांतराच्या बाबतींतील एक जुनी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. 1990 च्या दशकांत कॅलिफोर्नियांतील दूध-उत्पादकांच्या मंडळानें ‘दूध आहे ना?’ अशा अर्थाची दोन शब्दांची इंग्रजी जाहिरात काढली आणि ती फार गाजली. तीच शब्दशः स्पॅनिशमध्यें केली असतां बाईमाणसास ऐकतांना अवघडावें असा भलताच अर्थ होई. शिवाय त्या जाहिरातीची गंमत घरांतलें दूध संपण्यावर होती, आणि गरिबी पाहिलेल्या आईला त्यांत गंमत वाटण्याजोगें कांहीं नव्हतें. म्हणून स्पॅनिश घरांसाठीं निराळीच जाहिरात झाली. आई आणि आजी स्वयंपाकघरांत आहेत, आणि त्यांना विचारलें आहे कीं, आज मुलांना पुरेसें दूध दिलेंत ना? भाषा बदलली, तेव्हां प्रश्नच बदलावा लागला. हें ज्यास समजलें त्यास अर्धा व्यापार समजला.

आतां आपल्या किनाऱ्याकडे परत येऊं. मोबाईलची येथील संवय समजून घ्यावयाची, तर प्रथम ‘मिस्ड कॉल’ समजून घेतला पाहिजे. (त्यास मराठी शब्द नाहीं आणि कोणाचें अडलेलेंही नाहीं. ‘भ्रमणध्वनि’ हा शब्दसुद्धां सरकारी पत्राबाहेर क्वचितच पडतो.) आपल्या देशांत पहिलें मोबाईल-संभाषण 31 जुलै 1995 रोजीं कलकत्त्याहून झालें, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं तें केलें. त्याच वर्षीं मुंबईंतही ही सोय झाली. त्या वेळीं मिनिटास आठ रुपयांपासून सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि नवल असें कीं, फोन करणाऱ्याप्रमाणें घेणाऱ्यासही पैसे मोजावे लागत. मित्राची हांक ऐकल्याबद्दल दंड! पुढें दर उतरत गेले. 2003 च्या मे महिन्यापासून येणाऱ्या फोनला आकार राहिला नाहीं, आणि त्याच पावसाळ्यांत एका बड्या कंपनीनें 501 रुपयांत फोन हातांत देण्याची योजना काढली. तेव्हांपासून मोबाईल कोळणीच्या टोपलींत आणि रिक्षावाल्याच्या खिशांत आला.

फोन स्वस्त झाला, तरी पैसा मोजून खर्चणाऱ्या घरानें आपली युक्ति शोधून काढलीच. घंटा वाजूं द्यावयाची आणि उचलण्यापूर्वीं तोडावयाची. एक घंटा म्हणजे सुखरूप पोंचलों, दोन म्हणजे घरीं येण्यास निघालों, आणि लागोपाठ तीन म्हणजे कांहीं तरी निकडीचें आहे, पैसे खर्चून उलट फोन कर. घराघराचा संकेत निराळा. नवरा बंदराच्या टप्प्यांत आला, एवढें किनाऱ्यावरच्या बाईस कळलें कीं ती टोपल्या घेऊन निघे. त्यासाठीं शब्द कशाला हवेत? कंपन्यांच्या दृष्टीनें ही शुद्ध फसवणूक होती, कारण यंत्र राबे आणि गल्ल्यांत छदाम पडत नसे. पण याच संवयींत व्यापाराची किल्ली आहे, हें कांहीं थोड्यांच्या ध्यानांत आलें. 2010 सालीं बंगळूरांत झिपडायल ही संस्था निघाली. गिऱ्हाइकानें ठराविक क्रमांकावर एक मिस्ड कॉल द्यावा आणि कंपनीनें आपल्या खर्चानें त्यास माहिती कळवावी, हा तिचा धंदा. 2015 च्या जानेवारींत अमेरिकेच्या ट्विटर कंपनीनें ती विकत घेतली. हिंदुस्थान युनिलिव्हरनें 2013 च्या सुमारास बिहार-झारखंडांत याहून मजेदार प्रयोग केला. तेथें तेव्हां खेडोपाडीं वीज नव्हती, दूरदर्शन नव्हतें, पण फोन होता. मिस्ड कॉल द्या, आम्ही उलट फोन करून फुकट गाणीं आणि विनोद ऐकवूं, मधून मधून साबणाची जाहिरातही ऐका, अशी ती ‘कान खजूरा टेशन’ योजना. 2014 सालीं कान येथील जाहिरातींच्या जागतिक मेळाव्यांत तिला सुवर्णपदकें मिळालीं. नीट पाहिलें तर ही युक्ति नभोवाणीचीच. फरक इतकाच कीं, येथें श्रोता स्वतः बोलावतो आणि मगच केंद्र बोलूं लागतें.

त्या सौजन्यांतच सारें मर्म आहे. न बोलावतां आलेला फोन आणि बोलावून आलेला फोन यांत, न बोलावतां दारांत उभा राहिलेला फेरीवाला आणि हांक मारून थांबविलेली कोळीण यांच्याइतकें अंतर असतें.

आणखी एक गोष्ट विक्रेत्यांच्या नकाशावर दिसत नाहीं. भाईंदर-उत्तनचा टेलिफोन मुंबईच्या 022 या क्रमांकाखालीं येतो; खाडी ओलांडून वसईस गेलें कीं 0250 सुरू होतो. टेलिफोन-खात्यानें आपल्या सोयीनें ही रेघ ओढली, आणि कंपन्यांनींही आपले विभाग बहुतांशीं तिच्याच आधारें पाडले. पण माणसांचे सोयरसंबंध त्यापूर्वींचे आहेत. उत्तनची लेक वसईला दिलेली, वसईची सून तारोडीकडे आलेली, सण एकच, लग्नांतलीं गाणीं एकमेकांस कळणारीं. मुंबईचें गिऱ्हाईक म्हणून एकास एक योजना आणि उर्वरित महाराष्ट्राचें म्हणून त्याच्याच मावशीस दुसरी, असा प्रकार पुष्कळ वर्षें चालला. अमेरिकेंतील स्पॅनिश कुटुंबांत सीमेपलीकडे लागणारे फोन हा जसा त्यांच्या खरेदीचा कणा ठरला, तसें येथें खाडीपलीकडचे फोन मोजले असते, तर कोणासही कळलें असतें कीं हें एकच गणगोत आहे.

लिपीची कहाणी तर अधिकच मनोरंजक आहे. पहिल्या मोबाईलांवर देवनागरी अक्षर उमटविणें हा एक खटाटोपच होता, म्हणून तरुण पिढी मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहूं लागली. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस याचें दुःख झालें, आणि तें समजण्यासारखें आहे. पण या किनाऱ्याला ती गोष्ट नवी नव्हे. 1616 सालीं गोव्यांत रायतूर येथें फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्याची भाषा मराठी आणि अक्षरें रोमन, कारण छापखान्यांत आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते. यंत्राला लिपि येत नाहीं म्हणून भाषेनें परकीं वस्त्रें घ्यावीं, हा प्रकार चारशें वर्षांनीं फोनच्या पडद्यावर पुन्हां घडला इतकेंच. पुढें सरकारनें त्यांत लक्ष घातलें. 2016 च्या भारतीय मानकानें असें ठरविलें कीं, देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलवर 22 अधिकृत भाषांचा मजकूर वाचतां यावा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेंत लिहितांही यावें. 2017 च्या ऑगस्टांत गूगलनें मराठीसह आठ भाषांत बोलून लिहिण्याची सोय केली. तरीही ज्यांची शाळा चौथीपाशींच संपली, त्यांना खरा उपयोग झाला तो बोलक्या निरोपाचा. 2013 पासून व्हॉट्सॲपवर आपला आवाज भरून धाडतां येतो. ज्या आजीबाई अक्षर लिहूं शकत नाहींत, त्या आखाती देशांत कामास गेलेल्या मुलास दोन मिनिटें भरघोस रागावूं शकतात. आवाजांत प्रमाण मराठी लागत नाहीं, ऱ्हस्व-दीर्घ लागत नाहीं, आणि बोलीची लाज वाटत नाहीं.

आंकडेही हेंच सांगतात. केपीएमजी आणि गूगल यांनीं 2017 च्या एप्रिलांत प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें 2016 सालीं भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे 23 कोटी 40 लाख होते, तर इंग्रजींतून वापरणारे 17 कोटी 50 लाख. आणि देशी भाषा वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा 88 जणांचा कल इंग्रजी जाहिरातीपेक्षां आपल्या भाषेंतील जाहिरातीला प्रतिसाद देण्याकडे होता. असें असूनही मोठ्या दुकानांस मराठीची पाटी लावण्यास उशीर झाला. 2020 च्या अखेरीस ॲमेझॉनच्या ॲपमध्यें मराठी नाहीं म्हणून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनें आंदोलन केलें, प्रकरण न्यायालयाच्या नोटिशीपर्यंत गेलें, आणि 2021 च्या सप्टेंबरांत त्या ॲपवर मराठी आली. आंदोलनाच्या रीतीविषयीं मतभेद असूं शकेल. पण 2011 च्या खानेसुमारींत ज्या भाषेनें 8 कोटी 30 लाख बोलणारे दाखविले, तिची गरज एखाद्या पेढीस आपल्याच हिशेबाच्या वहीवरून आधीं कां कळूं नये, याचें आश्चर्य वाटतें.

मात्र येथें एक सावधगिरीचा इशारा देणें अवश्य आहे. मराठी म्हणजे कोणती मराठी? इंग्रजी जाहिरात यंत्राकडून भाषांतरित करून घेतली कीं जें बाहेर पडतें, तें पुण्यालाही कळत नाहीं आणि उत्तनलाही नाहीं. ‘आपल्या स्वप्नांना पंख द्या’ असा संदेश मासळी निवडीत बसलेल्या बाईस आला, तर ती काय समजेल? तिला हवें आहे तें एवढेंच : पैसे किती, मुदत किती, आणि भानगड झाली तर विचारावयाचें कोणास.

पैशाच्या व्यवहारांत ज्या पेढ्यांनीं गिऱ्हाईक नीट पाहिलें, त्यांस तें फळलें. 2016 च्या एप्रिलांत यूपीआय ही मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील नोटबंदीनें तिला जोर आला. परंतु मासळीच्या बाजारांत एक अडचण होती. कोळणीचे हात ओले, त्यांना खवलें चिकटलेलीं; दर गिऱ्हाइकामागें हात पुसून फोन काढावा आणि पैसे आले कीं नाहीं तें पाहावें, हें होणार कसें? नुसता गिऱ्हाइकानें दाखविलेला पडदा खरा मानला, तर फसण्याची भीति. 2019 च्या सुमारास बोलक्या डब्या आल्या. पैसे जमा होतांच डबी मोठ्यानें रक्कम सांगते, आणि तीही मराठींत. यांत कोणतें मोठें शास्त्र आहे? कोणी तरी बाजारांत उभें राहून ओले हात पाहिले, एवढेंच. 2003 सालीं नोकियानें 1100 या साध्या फोनला विजेरी बसविली, ती अशाच कोणी तरी वीज गेल्यावरचा अंधार पाहिला म्हणून. जगभर त्या फोनचे 25 कोटींवर नग खपले. 2022 च्या मार्चांत रिझर्व्ह बँकेनें साध्या फोनवरून पैसे देण्याची जी सोय जाहीर केली, तींत तर मिस्ड कॉल देऊन पैसे पाठविण्याचाही एक मार्ग ठेवला आहे. गरिबाच्या काटकसरीची युक्ति शेवटीं मध्यवर्ती बँकेच्या दप्तरीं दाखल झाली!

फोननें मासळीच्या धंद्याचें काय होतें, याचा एक पक्का अभ्यास केरळच्या किनाऱ्यावर झाला आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें 2007 सालीं तो प्रसिद्ध केला. 1997 ते 2001 या काळांत तेथें मोबाईल आला, आणि कोळी समुद्रांतूनच कोणत्या बंदरावर काय भाव आहे हें विचारूं लागले. त्यापूर्वीं एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाहीं म्हणून मासळी फेंकून द्यावी लागे आणि दुसऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हातानें परते. फोन आल्यावर ही नासाडी जवळ जवळ नाहींशी झाली. कोळ्यांचा नफा सरासरी शेंकडा 8 नें वाढला आणि खाणाऱ्यास मासळी शेंकडा 4 नें स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा आणि मध्यें कोणाचीही फसवणूक नाहीं, असा योग व्यापारांत विरळा.

फसवणूक आली ती नंतर, आणि तीही त्याच फोनवरून. नको असलेल्या जाहिरातींचे फोन थांबविण्यासाठीं 2007 पासून देशांत नोंदवही आहे. 1909 या क्रमांकावर कळविलें कीं आपला क्रमांक तींत चढतो. 2018 सालीं दूरसंचार प्राधिकरणानें त्याचे नियम अधिक कडक केले. पण नोंद करण्याची सोय ठाऊक असणारा आणि तिची खरी गरज असणारा, हे बहुधा एकाच घरांतले दोन निराळे जीव असतात. बँकेचा खरा इशारा इंग्रजींत येतो आणि तो आजीबाईंस वाचतां येत नाहीं. ठकाचा फोन मात्र गोड बोलींत येतो आणि तो त्यांना बरोबर समजतो. गिऱ्हाइकाच्या भाषेचा अभ्यास प्रामाणिक पेढीनें केला नाहीं, म्हणून तो ठकानें केला. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें. जितका उशीर होईल, तितके ते परत मिळण्याची आशा कमी. हा चार आंकडी क्रमांक घरांतील वडीलधाऱ्यांच्या फोनवर कोणी लिहून ठेवला आहे काय, हें शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांनीं आजच पाहण्यासारखें आहे. 2023 सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यांत माहिती घेतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत अथवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत पाहण्याचा हक्क ग्राहकास दिला आहे. मराठी त्या परिशिष्टांत आहेच. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरांत निघाले. तेव्हां ‘तुमची माहिती आम्ही घेत आहों’ हें मराठींत सांगणें आतां केवळ व्यापारी चातुर्य उरलेलें नाहीं.

राहतां राहिली हंगामाची गोष्ट, आणि ती बहुधा सर्वांत कमी लक्षांत घेतली जाते. विक्रेत्यांचें वर्ष दिवाळीभोंवतीं फिरतें. मासेमारीवर चालणाऱ्या घराचें वर्ष तसें नाहीं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळीं दुरुस्तीस काढलेलीं, आणि मिळकत जवळ जवळ थांबलेली. या दोन महिन्यांत फोनचें रिचार्ज हा घरच्या चर्चेचा विषय होतो. त्यांतच कंपन्यांचा ‘महिना’ 28 दिवसांचा, म्हणजे वर्षांत बारा नव्हे तर तेरा वेळां पैसे भरावयाचे. ही तक्रार इतकी वाढली कीं, 2022 च्या जानेवारींत प्राधिकरणास फर्मान काढावें लागलें कीं, प्रत्येक कंपनीनें निदान एक तरी योजना पुऱ्या तीस दिवसांची ठेवावी. ती ठेवली गेली. दुकानदार ती आपण होऊन दाखवितो कीं विचारल्यावरच दाखवितो, ही निराळी गोष्ट. जून-जुलैंत जो फोन मुका राहतो, त्याच्या धन्यास ‘निष्क्रिय गिऱ्हाईक’ ठरवून जी कंपनी यादींतून काढते, तिच्या हिशेबनिसास एवढेंच ठाऊक नसतें कीं ऑगस्ट उजाडला कीं पहिल्या होड्या उत्तनच्या बंदरांतून बाहेर पडतात, आणि त्याच आठवड्यांत तो फोन पुन्हां वाजूं लागतो.